चंद्रावर हात जड का झाला?

आमच्या चंद्रावरच्या वसाहतीत कुणालाच काही जड नसतं. इथलं गुरुत्वाकर्षण (वस्तूंना खाली ओढणारं बळ) पृथ्वीच्या जेमतेम सहाव्या हिश्श्याइतकं. लहान पोरंसुद्धा पाण्याने भरलेली कळशी घेऊन उड्या मारतात आणि ओरडा खातात. मी तर एकदा बाबांनाच उचललं होतं, तेही ते जेवत असताना.

मग माझ्या आईला स्वतःचाच हात का उचलवत नव्हता?

आई हवाघरात काम करते. सगळ्या वसाहतीला श्वासाची हवा पुरवणारं शेवाळ तीच वाढवते. भलत्याच चालीत गाणी म्हणणारी, दिवसभर बडबडणारी माझी आई काही आठवड्यांपासून अंथरुणातून उठत नव्हती. "शालू, केस विंचर," म्हणून माझ्या मागे लागणारीच्या केसांच्या जटा झाल्या होत्या. विचारलं की एवढंच म्हणायची, "हात जड झालाय गं."

आमच्याकडे एक रीत आहे. घरात कुणी आजारी पडलं की दारावरच्या दिव्यांच्या पाटीवर आजाराचं नाव लावायचं. मग शेजारी आळीपाळीने डबा आणतात. बाबांचा गुडघा दुखावला तेव्हा इतके डबे आले की आम्ही कितीतरी दिवस स्वयंपाकच केला नाही.

आईच्या वेळी बाबांनी पाटीवर लावलं, 'कंबरदुखी'.

"पण तिची कंबर कुठे दुखतेय?" मी म्हणाले.

"हळू बोल. खरं कळलं तर लोक म्हणतील, हिला वेड लागलं. मग हवाघर तिच्या हातात ठेवतील का?"

आईने हे ऐकलं आणि भिंतीकडे तोंड फिरवलं.

झालं! शेजाऱ्यांनी आणलेल्या मालिशच्या तेलाच्या बाटल्या ठेवायला घरात जागा उरेना. समोरचे घोरपडे सर म्हणजे आमच्या व्यायामशाळेचे प्रमुख. ते दारातूनच गरजले, "वहिनी, मन खंबीर ठेवा! आमच्याकडे बघा!" आणि वसाहतीचा वैद्यकीय यंत्रमानव ठोकळ्या (नाव मी दिलेलं, आकार त्याचा) पाटी वाचून आला. त्याने दिवे मंद केले, आईला पडून राहायला सांगितलं आणि भेटायला येणाऱ्यांना बंदी केली. कंबरेसाठी त्याच्याकडे हाच उपाय होता.

आई आणखीच मिटत गेली. जेवण चतकोर भाकरीवर आलं. ती अशीच मिटत मिटत एक दिवस नाहीशी होईल, अशी मला भीती वाटायला लागली.

ठोकळ्या पुन्हा तपासायला आला आणि गोंधळून उभा राहिला. "शाल्मली, माझं काहीतरी चुकतंय. मणका चांगला, स्नायू चांगले, हाताचं वजन हवं तेवढंच. मग हात जड कसा?"

बाबा चहाच्या कपात बघत बसले. मला राहवलं नाही. "तिची कंबर दुखतच नाहीये! ती खूप रडायची, आणि आता तर रडतही नाही."

"अरेरे! मी पाटीवर विश्वास ठेवला. माणसाला विचारलंच नाही," ठोकळ्या म्हणाला. मग तो आईशेजारी बसला. झोप लागते का, कशात मन रमतं का, असं हळूहळू विचारत गेला. जगणं नकोसं वाटतं का, हेही त्याने सरळ विचारलं. आईने होकारार्थी मान हलवली. बाबांनी कप बाजूला ठेवून तिचा हात धरला. ठोकळ्याने तिथल्या तिथे मनोविकारतज्ज्ञांना (मनाच्या आजारांच्या डॉक्टरांना) बोलावून घेतलं.

डॉक्टरबाई आईशी बोलत होत्या तेव्हा मी ठोकळ्याला बाहेर गाठलं.

"हा नैराश्याचा आजार आहे," तो म्हणाला. "नुसती उदासी येते आणि जाते. हा आजार मुक्काम ठोकतो. मला सांग, हात उचलायचा निरोप कुठून येतो?"

"मेंदूतून."

"बरोबर. मेंदूत अब्जावधी चेतापेशी (निरोप पोहोचवणाऱ्या पेशी) असतात. दोन पेशींमध्ये बारीकशी फट असते आणि बहुतेक निरोप ती फट रसायनांच्या मदतीने ओलांडतात. नैराश्यात या निरोपांची ये-जा बदलते. भूक, झोप, 'चला, उठू या' असं वाटणं, सगळ्यावर परिणाम होतो. हातात ताकद असते, पण तो उचलावासा वाटणंच फार कष्टाचं होऊन बसतं."

"पण तिलाच का झालं?"

"एकच एक कारण नसतं. काही घराण्यातून येतं, काही ताणातून, काही शरीरातल्या बदलांतून. सगळं आम्हालाही अजून कळलेलं नाही."

"घोरपडे सर म्हणतात तसं मन खंबीर केलं तर?"

"ताप आलेल्याला 'अंग थंड ठेव' म्हणून कुणी दटावतं का? औषधं लागतील, डॉक्टरांशी मोकळं बोलावं लागेल, उजेडात थोडं चालावं लागेल. गुण यायला काही आठवडे जातील. बहुतेकांना बरं वाटतं. पुन्हा त्रास झालाच, तर पुन्हा उपचार घ्यायचे."

मी पाटी बदलायला धावले. ठोकळ्या आडवा आला. "पाटी आईची आहे. तिला विचार."

मी विचारलं तेव्हा आईने आधी त्या बाटल्यांकडे बघितलं. मग म्हणाली, "त्या तेलाच्या वासाने डोकं उठलंय माझं. लाव खरं काय ते."

"वसुधा, अगं हवाघर..." बाबा म्हणाले.

"गेलं तर गेलं. लपवून लपवून मी जास्त थकलेय."

मी पाटी लावली, 'नैराश्य'. त्या दिवशी कुणीच आलं नाही. दाराशी पावलं यायची, थबकायची, पुढे जायची. मला फार रडू आलं. ही पाटी मीच तर लावली होती.

दुसऱ्या दिवशी हवाघरातल्या खोपकर काकू आल्या. हातात डबा. "कंबरदुखीला तेल आणतात. याला काय आणतात तेच कळेना बाई! काल दारातून परत गेले. शेवटी मऊ भात आणि मेतकूट आणलंय. चालेल?"

"चालेल," आई म्हणाली.

काकूंनी उपदेश केला नाही. आईचे केस सोडवत बसल्या. निघताना म्हणाल्या, "तुझं शेवाळ माझं ऐकत नाही हं. सावकाश ये, पण ये."

काही आठवड्यांनी आई हवाघरात जायला लागली. आधी थोडा वेळ, मग अर्धा दिवस. अजूनही कधी कधी तिचा हात जड होतो, तेव्हा ती घरी राहते. काही लोक अजून कुजबुजतात. पण हवा सगळ्यांना मिळतेय, कुजबुजणाऱ्यांनाही.

आणि आज सकाळी समोरच्या दारावरची पाटी उजळली. 'छाती धडधडते. झोप येत नाही. आजाराचं नाव माहीत नाही.' दार घोरपडे सरांचं होतं.

बाबा वाचतच राहिले. आईने मऊ भात लावला, वर मेतकूट घातलं.

"मी नेतो," बाबा म्हणाले.

"नको." तिने डबा उचलला, समोर गेली आणि दार वाजवलं.

"वहिनी, मी ठणठणीत आहे!" आतून आवाज आला.

"असाल," आई म्हणाली. "दार उघडा. भात निवतोय."