गाडी धरणात कशी गेली?

"आपण सध्या धरणाच्या जलाशयात आहात," वाटाड्या अगदी शांतपणे म्हणाला.

रेवाने खिडकीतून खाली वाकून पाहिलं. चाकं कोरड्या डांबरी रस्त्यावर होती. धरण दिसत होतं खरं, पण खूप खाली, दरीच्या तळाशी. मग गाडी पाण्यात कशी?

"आत्याआजी, याचं डोकं फिरलंय," ती म्हणाली.

वासंती आत्याआजी म्हणजे रेवाच्या बाबांची आत्या. आयुष्यभर उपग्रहांवर काम केलेली शास्त्रज्ञ. आता सगळ्यांच्या गाड्या आपल्या आपण चालत, रस्ता आपला आपण शोधत. आत्याआजीने मात्र तिची जुनी, हाताने चालवायची गाडी सोडली नव्हती. त्या गाडीला रस्ता दाखवायला काचेवर एक हातात मावेल एवढी, नकाशाचा पडदा असलेली डबी चिकटवलेली होती. तिचं नाव आत्याआजीने ठेवलं होतं 'वाटाड्या'.

एरवी त्याच्या चुकीवर दोघी खूप हसल्या असत्या. पण आज रेवाच्या मांडीवर वेताची टोपली होती, आणि टोपलीत खवल्या मांजराचं पिल्लू. सकाळी काजूच्या बागेत ते तिलाच सापडलं होतं, आईपासून चुकलेलं. वनखात्याच्या लोकांनी फोनवर सांगितलं होतं, "जसं आहे तसं उबेत गुंडाळा आणि तळकोंडच्या प्राणी उपचार केंद्रात आणा. उशीर करू नका." आधी ते बोट लावलं की चेंडूसारखं गुंडाळून घ्यायचं. आता तेही करेनासं झालं होतं.

आणि समोर रस्त्याला दोन फाटे. पाटी कधीच उन्मळून पडलेली. फोनला रेंज नाही. एक रस्ता तळकोंडला जाणार, दुसरा धरणाकडे उतरणार. तो अरुंद रस्ता चुकून धरला, तर गाडी वळवायला थेट खालपर्यंत जावं लागणार. गाडीत चार्जिंगही जेमतेम उरलं होतं.

"उजवीकडचा असावा," आत्याआजी पुटपुटली. "पण मी आले होते तेव्हा धरणच नव्हतं गं."

"असावा म्हणून कसं चालेल?" रेवाचा आवाज रडवेला झाला.

आत्याआजीने तिच्या केसांवरून हात फिरवला. "बरं, मग विचार करू. वाटाड्याला आपली जागा कळते कशी, सांग बघू."

"वरचे उपग्रह सांगतात."

"नाही ना! त्यांना तू कोण, कुठे, काही ठाऊक नसतं. ते फक्त हाका मारत असतात. हे बघ, समज एका गावातल्या देवळात बरोबर बारा वाजता घंटा होते. तुझ्या हातात घड्याळ आहे. तुला घंटा बारा वाजून तीन सेकंदांनी ऐकू आली. मग?"

"मग आवाजाला माझ्यापर्यंत यायला तीन सेकंद लागले. आवाज सेकंदाला साधारण एक तृतीयांश किलोमीटर जातो, म्हणजे देऊळ एक किलोमीटरवर आहे."

"शाबास. पण कुठल्या दिशेला?"

रेवाने बोटाने हवेत गोल काढला. "ते नाही कळणार. देवळाभोवती एक किलोमीटरचं वर्तुळ काढलं, तर मी त्यावर कुठेही असेन."

"मग दुसऱ्या गावची घंटाही ऐक. दुसरं वर्तुळ काढ. दोन वर्तुळं दोन ठिकाणी एकमेकांना छेदतील. तिसऱ्या गावच्या घंटेने त्यातली एकच जागा उरेल. उपग्रहांचंही तसंच, फक्त आवाजाऐवजी रेडिओलहरी (प्रकाशाच्याच वेगाने धावणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या लहरी). प्रत्येक उपग्रह सांगतो, 'मी इथे आहे आणि माझ्या घड्याळात आत्ता इतके वाजलेत.' त्याच्याकडे अणुघड्याळ (अणूंच्या ठोक्यांवर चालणारं अतिशय अचूक घड्याळ) असतं."

"वाटाड्यातही अणुघड्याळ आहे?"

"छे! ते मावायचं कुठे? याच्यात साधंच घड्याळ. सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाची चूक झाली, तरी अंतरात तीनशे मीटरचा फरक पडतो. म्हणून वाटाड्या चौथ्या उपग्रहाचीही हाक ऐकतो आणि चारही हाकांचा मेळ बसेपर्यंत आपलं घड्याळ दुरुस्त करत राहतो."

"मग आज का मेळ बसत नाहीये?"

ते मात्र आत्याआजीच्याही लगेच लक्षात येईना. कोणी गुराखी वगैरे आसपास असेल तर विचारता येईल, म्हणून तिने जोरात हॉर्न वाजवला. पँ! कोणीच आलं नाही. फक्त क्षणभराने समोरून उत्तर आलं, पँ!

रेवाने चमकून वर पाहिलं. रस्त्याच्या कडेला काळा कातळकडा सरळ आभाळात चढला होता. निम्मं आभाळ त्याने झाकून टाकलं होतं.

"आत्याआजी! हॉर्न कड्यावर आपटून परत आला ना? मग उपग्रहाची हाकही तशीच येत असेल तर?"

आत्याआजीने कड्याकडे मान वळवली.

"म्हणजे बघ," रेवा भराभर बोलू लागली, "कड्यामागचे उपग्रह वाटाड्याला दिसतच नाहीत. दुसऱ्या बाजूच्या एखाद्याची हाक कड्यावर आपटून, लांबच्या वाटेने येते. लांबून आली म्हणजे उशीर झाला. वाटाड्याला वाटतं, उपग्रहच लांब आहे. वर्तुळ मोठं होतं आणि आपण पाण्यात!"

"परावर्तन (लहरींचं एखाद्या पृष्ठभागावर आपटून मागे फिरणं)!" आत्याआजीने कपाळावर हात मारला. "आणि मी इथे घंटा वाजवत बसलेय. अगं, किती नेमकं ओळखलंस!"

"मग त्याला मोकळ्या आभाळाखाली नेऊ या. तो कुठे गाडीला जखडलाय?"

तिने वाटाड्याला काचेवरून सोडवलं. टोपली आत्याआजीच्या मांडीवर ठेवली. दरीच्या बाजूला, कड्यापासून दूर, रस्त्यालगत एक बुटकं, माथ्यावर बोडकं टेकाड होतं. "माझ्या नजरेआड जायचं नाही हं," आत्याआजीने बजावलं. रेवा झुडपांना धरत वर चढली आणि वाटाड्याला दोन्ही हातांनी आभाळाकडे धरून उभी राहिली.

काही क्षण नकाशावरचा ठिपका पाण्यातच घुटमळला.  मग तो काठावर आला, चढ चढला आणि टेकाडावर येऊन थांबला.

"आपण तळकोंड फाट्याजवळ आहात," वाटाड्या म्हणाला.

नकाशावर तोच फाटा होता. खाली प्रत्यक्षातही तोच दिसत होता. रेवाने दोन्ही रस्ते बोटाने नीट गिरवून पाहिले आणि ओरडली, "डावीकडचा! उजवीकडचा धरणावर जातो!"

गाडी डावीकडे वळली. कड्याच्या सावलीत शिरताच वाटाड्या पुन्हा म्हणाला, "आपण जलाशयात आहात." रेवाने त्याला थोपटलं. "असू दे रे. तुझा काही दोष नाही."

तळकोंडच्या केंद्रात डॉक्टर रोहिणी गावकर दारातच वाट पाहत होत्या. त्यांनी पिल्लाला उबदार पेटीत ठेवलं आणि बारीक नळीने दुधाचा थेंब तोंडाशी धरला. पिल्लू हललं नाही. त्यांनी पुन्हा धरला. रेवाने आत्याआजीचा हात घट्ट पकडला. तेवढ्यात एक लांबलचक, दोऱ्यासारखी जीभ बाहेर आली आणि थेंब टिपून गेली. मग दुसरा. मग तिसरा.

"जगेल हं," डॉक्टर म्हणाल्या. "वेळेवर आणलंत."

आत्याआजीने डोळे पुसले आणि डोळ्यांत धूळ गेल्याचा बहाणा केला.

परतताना रेवा काचेवरच्या वाटाड्याकडे पाहत होती.

"आत्याआजी, वाटाड्या चुकला याचं मला काही वाटत नाही. पण किती खात्रीने चुकला! 'मला इथे नीट ऐकू येत नाही, जरा मोकळ्यावर न्या,' असं म्हणता येईल असा वाटाड्या करता येईल?"

"सरळ आलेली हाक कुठली आणि आपटून आलेली कुठली, हे ओळखायचे प्रयत्न चाललेत. पण दऱ्याखोऱ्यांत अजून पुरतं जमलेलं नाही कोणाला."

"मला करायचाय तसला. आधी काय शिकावं लागेल?"

"आधी भूमिती."

रेवाने नाक मुरडलं. आत्याआजी मोठ्याने हसली आणि गाडी सरळ रस्त्याला लागल्यावर म्हणाली, "चल, घर येईपर्यंत निदान वर्तुळं तरी करून टाकू. मला सांग, तीन वर्तुळं एकाच बिंदूत छेदली नाहीत, तर त्या तीन हाकांबद्दल काय समजायचं?"