काळ्या फोटोतली चंद्री

खण्!

रिकामी किटली ओट्यावर टेकली आणि सकाळची शांतता मोडली. भरलेली किटली अशी वाजत नाही, हे सुट्टीत आंदर मावळात आजोळी आलेल्या अनघाला आता कळत होतं.

"आज बी दूध न्हाई, पोरी," शेजारच्या येसूबाई म्हणाल्या. "काल पहाटं दावं तोडून चंद्री गेली, ती गावलीच न्हाई. रेडकू वरडून वरडून बसलंय. आईबिगर किती तग धरंल?"

ओढा, रान, सगळं धुंडाळून झालं होतं. राहिला होता डोंगराखालचा बंगल्यांचा प्लॉट. अनघा, मामेभाऊ प्रज्ञेश आणि तिचा पाच वर्षांचा भाऊ सत्यम तडक तिथं पोचले.

"कुंपण धडधाकट आहे!" मॅनेजर निलेशनं मोबाइलमधून मानही वर केली नाही. "म्हैस काय उडून आली? पळा!"

"गुपचूप आत शिरू या?" प्रज्ञेश कुजबुजला.

"आणि मार खाऊ या? हे बघ!" अनघा थबकली. सगळी तार गंजलेली, पण एवढाच तुकडा नवाकोरा, नुकताच जोडलेला! "आईचा फोटो! चल!"

काल सत्यम उठायच्या आत आईनं, शुभदानं, इथलाच सूर्योदय टिपला होता.

"आकाश छान आलंय, पण खाली काळंकुट्ट," घरी आई लॅपटॉप उघडत म्हणाली. "फसला गं. पुसूनच टाकणार होते."

"रॉ फाइल आहे ना? मग कॅमेऱ्यानं पाहिलेलं आत शिल्लक असणार. तूच शिकवलंस!"

अनघानं उजेड वाढवणारी एक्स्पोजरची पट्टी हळूहळू उजवीकडे सरकवली. आकाश पांढरंफटक पडलं, पण खालच्या काळोखातून रवाळ, धुरकट भातखाचरं वर आली. मग कुंपणाचे आडवे पडलेले दोन खांब. आणि त्यांच्या आत... एक रुंद पाठ, मागे लोंबणारं दावं!

"चंद्री!" तिघं एकदम ओरडली.

लॅपटॉप पाहताच निलेशचा चेहरा उतरला. "काल माणसांनी तार जोडली खरी, पण आत कुणी बघितलंच नाही..."

"मग आता बघू या की, भाऊ!" प्रज्ञेश म्हणाला.

मातीच्या ढिगामागे पाण्याच्या टाकीचा उघडा खड्डा होता. तळाशी, गुडघाभर चिखलात, चंद्री दमून उभी होती! जेसीबीनं खड्ड्याची एक बाजू उतरती केली आणि ती धापा टाकत वर आली. निलेशनं स्वतः खड्ड्यावर फळ्या टाकून घेतल्या.

येसूबाईंनी तिघांच्या गालांवरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली. "लय उपकार झालं, लेकरांनू!"

"मी तर फोटो उडवणार होते," आई अनघाला जवळ घेत म्हणाली. "बरं झालं, थांबवलंस."

गोठ्यात रेडकू चंद्रीच्या कासेला ढुशा देत होतं. सत्यम आईचा पदर धरून बराच वेळ बघत राहिला.

"ताई," त्यानं विचारलं, "आई दिसत नव्हती, तेव्हासुद्धा ती आहे, हे रेडकाला माहीत होतं का गं?"