ऋतिजाची फुंकर

"संध्याकाळी काय खाणार ते ठरत नाही माझं, आणि ह्यांना आख्खं आयुष्य ठरवून हवंय," नौशीन शेजारणीच्या कानात पुटपुटली.

मुलांचे पुढचे विषय ठरवायला जिल्ह्याहून आलेल्या डॉ. शर्वाणी ताम्हाणे यांना ते ऐकू गेलं. हसू दाबून त्या यंत्रशाळेतल्या फळ्याकडे वळल्या. जिल्ह्यातल्या बाकी शाळांत मुलं यंत्रमानवशास्त्रासाठी भांडत होती. चिपळूणच्या ह्या शाळेत नववीतल्या एकालाही ते नको होतं. आजही कुणी हात वर केला नाही, तर इथला यंत्रमानव दुसऱ्या शाळेला द्यायचा होता.

"भीती वाटते का ह्याची?" त्यांनी यंत्रमानवाकडे बोट दाखवत विचारलं.

"चावतो थोडाच!" ओजस म्हणाला. वर्ग हसला.

यंत्रमानव कमरेपासून वरचाच होता, टेबलाला जखडलेला. ताम्हाणेंनी बटण दाबलं. त्याने दोन तारा जुळवल्या, वितळलेल्या सोल्डरचा थेंब दिला, मग मान वाकवून डोकं थेंबाजवळ नेलं आणि क्षणभर थांबला. त्याला तोंड नव्हतं, श्वास तर नव्हताच. तरी ती फुंकर होती.

"ही लकब कुणाची?"

"ऋतिजाची. ह्याच वर्गातली." यंत्रशाळा सांभाळणारे गुरव सर खिडकीबाहेर बघत होते. "पहिले धडे तिनेच दिले ह्याला. गेल्या श्रावणात ताप आला तिला. तेव्हापासून... येत नाही ती."

ताम्हाणे काय ते समजल्या. आवाज खाली आणून म्हणाल्या, "पण सर, हा हस्तगिरवणीने शिकतो. लहानपणी आपला हात धरून पाटीवर अक्षर गिरवून घ्यायचे ना, तसं. ह्याची स्मृती इवलीशी. नवं गिरवलं की जुनं पुसतं, आणि काहीच गिरवलं नाही तरी सहामाहीत विरून जातं. ही फुंकर केव्हाच जायला हवी होती."

"हवी होती," सर म्हणाले. "मी कधी खोलात गेलो नाही."

"मग गिरवतंय कोण?"

सगळा वर्ग आपापल्या बुटांकडे बघू लागला.

"आम्हीच," शेवटी ओजस म्हणाला. "मधल्या सुट्टीत, पाळीपाळीने. त्याचे हात धरून सोल्डर करायचं, मान वाकवायची, बास. दुसरं काही शिकवायचं नाही. नाहीतर ती जाईल."

"म्हणून हे शास्त्र नको?"

ओजसने मान डोलावली. ताम्हाणेंनी काहीतरी सांगायला तोंड उघडलं, मुलांकडे पाहिलं आणि मिटलं. पिशवी उचलत म्हणाल्या, "राहू दे हा इथेच. मी बघते वरच्यांचं."

चेहरे उजळले. फक्त नौशीन उभी राहिली.

"मॅडम, तुम्ही सांगणार होतात ना? मग मी सांगते. तिने गिरवलेलं सहामाहीतच विरलं. आता आहे ती माझी फुंकर. ओजसची. सगळ्यांची. आपण तिची नक्कल करतो आणि हा आपली."

"नौशीन, बस ना गं," कुणीतरी कळवळून म्हणालं.

"मला केव्हाच कळलं होतं. म्हणून तर पुढे शिकायचं नव्हतं मला. शिकलं की हे असलं सगळं कळतच जातं." यंत्रमानव पुन्हा वाकला होता. तिने त्याच्याकडे पाहिलं नाही. "ती ह्यात नाहीये, ओजस. कुठेच नाहीये. ऋतिजा मेली."