राखून ठेवलेली तपासणी

दार उघडलं आणि तिने समोर उभ्या असलेल्या माणसाच्या हातात सरळ पाना ठेवला.

"किती उशीर! या आत. बेसिनखाली आहे. आधी कॉक बंद करा, नाहीतर—"

त्याने पान्याकडे पाहिलं. मग तिच्याकडे पाहिलं. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मिटलं, बाह्या वर सारल्या आणि निमूटपणे बेसिनखाली शिरला. थोड्या वेळाने आतून फुर्रकन आवाज आला. तो बाहेर आला तेव्हा भुवयांवरून, नाकाच्या शेंड्यावरून, शर्टाच्या कॉलरवरून पाणी ठिबकत होतं.

"तुम्ही प्लंबर नाही?" तिने विचारलं.

"नाही हो. मी खोली बघायला आलो होतो. भाड्याने हवी होती." त्याने डोळे पुसले. "खोली छान आहे. खालून तरी."

ती हसली. खरं तर तिथेच सगळं ठरलं होतं, पण हे त्या दोघांना कळायला मध्ये एक हिवाळा जायचा होता.

*

नळी आपली

त्या खोल्या तिच्या आत्याच्या. गल्लीच्या टोकाला, जिना चढून वर, एक बसायची खोली आणि एक स्वयंपाकघर. आत्या दूरच्या गावी मुलाकडे राहायला गेली आणि जाताना किल्ल्या भाचीच्या हातात ठेवून गेली. भाची चष्म्यांच्या दुकानात कामाला होती. दिवसभर लोकांना "आता कसं दिसतंय?" विचारायची आणि संध्याकाळी मागच्या गल्लीत आई, दादा आणि वहिनी यांच्या घरी परतायची. तिला घरमालकीण म्हटलं की तिचं तिलाच हसू यायचं.

आत्याला मात्र हसू येत नव्हतं.

"ऐक. भाडेकरू भिंतीवर काय टांगतो ते आपण बघायचं नाही. पण भिंतीतून गॅसची नळी जाते ना, ती आपली. शेगडी आपली, गिझर आपला, जळका वायू बाहेर नेणारा तो पाइपही आपला. वर्षातून एकदा परवाना असलेलं माणूस बोलवायचं, सगळं तपासून घ्यायचं आणि तपासल्याचा दाखला भाडेकरूला द्यायचा. ज्योत निळी हवी. पिवळी दिसली तर विचार करत बसायचं नाही." आणि मग, पिशवी उचलता उचलता, "तो माणूस झोपेत जो श्वास घेतो, तो आपल्या भरवशावर घेतो गं."

त्या वाक्याने ती तेव्हा जराशी दचकली होती. कुणाचा तरी श्वास आपल्याकडे ठेवायला दिलाय...

*

निमित्तं

वॉशर झिजला. ती आली.

खिडकीची कडी लागेना. ती आली.

बल्बचा होल्डर हलत होता. (हलत नव्हता. ती आली.)

तो मुलांच्या पाठ्यपुस्तकांसाठी चित्रं काढायचा. खारीची शेपटी, फुलाचे भाग, ढगांचे प्रकार. टेबलावर कागद पसरलेले असायचे आणि तो तिला विचारायचा, "मालकीणबाई, ही खार तुम्हाला खरी वाटते का?" ती डोळे बारीक करून म्हणायची, "खरी आहे, पण उपाशी दिसते. भाडेकरूसारखी." तो पेन्सिलने खारीचं पोट वाढवायचा.

घरी वहिनीच्या नजरेतून काय सुटणार?

"वन्सं, आज काय मोडलंय?"

"पडद्याची दांडी."

"अगं बाई! त्या खोलीत मोडायला आता भिंतीच उरल्या असतील."

उरली होती एकच गोष्ट. वर्षाची गॅस तपासणी. त्या दिवशी मालकिणीला अख्खी सकाळ तिथे थांबावं लागणार होतं, अगदी हक्काने, वहिनीनेही नाव ठेवू नये असं. म्हणून ती तिने राखून ठेवली होती. ताटातला आवडता घास लहान मूल शेवटी ठेवतं, तशी. तारीख उलटली. ती मनाशी म्हणाली, एवढ्याने काय होतंय...

*

तिकडे, पाइपाच्या तोंडाशी

स्वयंपाकघरातल्या गिझरचा पाइप भिंतीतून बाहेर निघत होता. त्याच्या तोंडावरची जाळी गंजून एका वाऱ्यात गळून पडली. भाडेकरूने ती पडताना पाहिली. मालकीणबाईंना सांगायचं ठरवलं. पण दुसऱ्याच दिवशी एक तपकिरी पक्षीण चोचीत काडी धरून पाइपाच्या तोंडाशी बसली होती. मग आणखी काड्या. मग कापूस, कुणाच्या तरी स्वेटरचा निळा धागा. तो टेबलाशी बसून रोज तिचं चित्र काढत राहिला. सांगितलं तर घरटं काढून टाकतील. नकोच सांगायला.

आणि आणखी एक. मालकीणबाई येणार असल्या की तो आधी कडकडीत पाण्याने आंघोळ करायचा. दाढी. गार वारा नको म्हणून खिडक्या बंद. गिझर भरपूर वेळ चालू.

ती फक्त घासभर आनंद राखून ठेवत होती. तो फक्त एक पक्षीण लपवत होता, आणि तिच्यासाठी नीटनेटका दिसत होता.

*

सोनेरी

"एक सांगू? हसणार नसाल तर," तो म्हणाला. संध्याकाळ होती. दांडी बसवून झाली होती. तिच्यासाठी कप धुवायला म्हणून त्याने गरम पाण्याचा नळ सोडून ठेवला होता आणि तसाच येऊन तिच्यासमोर बसला होता. चेहरा पांढरा, डोळे चमकणारे.

"हसण्यासारखं असेल तर हसेन."

"तुम्ही येणार असलात ना, की दुपारपर्यंत मी बरा असतो. तुम्ही यायच्या जरा आधी सुरू होतं. डोकं हलकं होतं. छातीत धडधडतं. गुडघ्यांत जीव राहत नाही. तुम्ही गेलात की मग हळूहळू उतरतं. मी ताईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, शहाण्या, याला काय म्हणतात ते तुला ठाऊक नाही होय?"

तिने मान खाली घातली. तिचंही डोकं हलकं झालं होतं... कानशिलं ठणकत होती, खोली किंचित, गोड अशी, फिरत होती. हेच ते, तिला वाटलं. लोक ज्याच्याबद्दल बोलतात ते हेच.

"सगळंच सुंदर दिसायला लागलंय," तो म्हणत होता. "भिंती, कप. तुमच्या गिझरमधली ज्योतसुद्धा बघा ना. हल्ली सोनेरी झालीय. मी रंग मिसळून पाहिला, तो पिवळा जमतच नाही. मालकीणबाई, मला तुमच्याशी—"

"सोनेरी?"

ती उठली. उठताना टेबलाचा आधार घ्यावा लागला. स्वयंपाकघरात गिझरच्या पोटातल्या छोट्या काचेमागे ज्योती डुलत होत्या. उंच, मऊ, पिवळ्याधमक. इतक्या देखण्या की क्षणभर पाय खिळले.

विचार करत बसायचं नाही.

तिने कॉक फिरवला. खिडक्या धाडकन उघडल्या.

"ऊठ! बाहेर चल!"

"काय झालं? मी काही चुकीचं—"

"ऊठ म्हणते ना! धर माझा हात!"

जिन्यावर गार हवा तोंडावर आली. तो पायरीवर बसला, भिंतीला डोकं टेकलं, आणि पुटपुटला, "तुम्ही मला... अरेतुरे केलंत."

ती फोनवर रुग्णवाहिकेला गल्लीचं नाव सांगत होती.

*

लक्षणं

"डोकं हलकं?" डॉक्टरीणबाई.

"हो," प्राणवायूच्या मास्कच्या आतून तो.

"गॅसमुळे. कार्बन मोनॉक्साइड. त्याला वास नसतो, रंग नसतो, म्हणून कळत नाही. छातीत धडधड?"

"हो."

"गॅसमुळे."

"गुडघे..."

"तेही."

ती पलंगाच्या पायथ्याशी उभी होती. तिलाही तपासून सोडलं होतं. तिने न राहवून विचारलं, "आणि सगळं सुंदर दिसणं?"

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. "अहो, मेंदूला प्राणवायू कमी पडला की माणूस काहीही बोलतो. मनावर घेऊ नका."

मास्कच्या वर त्याचे डोळे होते. त्याने ते मिटून घेतले.

*

धूर कुठे जातो

तपासनीस मावशी जाडजूड होत्या, पेटी घेऊन जिना चढताना धापा टाकत होत्या आणि धापा टाकतच रागावत होत्या. त्यांनी नळीच्या सांध्यांवर साबणाचा फेस लावला. एकही बुडबुडा फुगला नाही. "नळी ठीक." मग एक जाड काडी पेटवून फुंकली. दाट पांढरा धूर निघाला. काडी त्यांनी गिझरच्या वरच्या तोंडाशी धरली.

"आता बघा. हा धूर वर ओढला जायला हवा."

धूर वर गेला. थबकला. आणि मग हळूच वळून खोलीत परत आला. पाहुण्यासारखा. टेबलावरून, खारींच्या चित्रांवरून, त्याच्या अंथरुणाकडे.

इतके दिवस हेच होत होतं, फक्त दिसत नव्हतं.

बाहेरून शिडी लावून मावशींनी पाइपात डोकावलं आणि बराच वेळ उतरल्याच नाहीत. "या बघायला," एवढंच म्हणाल्या. तिने वर चढून पाहिलं. निळ्या धाग्याच्या वेटोळ्यात चार अंडी. ठिपक्याठिपक्यांची. घरातला सगळा जळका वायू मागे परतवून त्या चिमुकल्या भिंतीने आपल्यापुरती जागा स्वच्छ राखली होती.

"मालक कोण?" मावशी खाली आल्या.

"मी."

"तपासणीची तारीख उलटलीय. का?"

ती हातातल्या किल्ल्यांशी चाळा करू लागली.

"भाडेकरू तुम्ही? जाळी पडली हे दिसलं होतं?"

"हो."

"मग सांगितलं का नाही?"

"ती बांधत होती ना..."

"वा! एक टाळते, दुसरा लपवतो. जोडी झकास आहे!" मावशी म्हणाल्या, आणि त्या दोघांनी दोन वेगवेगळ्या भिंतींकडे पाहिलं.

गिझरला लाल पट्टी लागली. वापरायचा नाही. पिल्लं उडेपर्यंत घरटं काढायचं नाही, हे मात्र कुणाला सांगावं लागलं नाही.

*

मधले दिवस

ती गेली नाही. काहीच मोडत नव्हतं. वहिनीसुद्धा गप्प होती, आणि वहिनी गप्प असली की घर रिकामं वाटायचं.

फोनवर त्याचे निरोप यायचे. आज अंडी फुटली. आज डोळे उघडले. आज चौघं एकमेकांना तुडवतायत.

ती लिहायची: गार पाणी सोसतं का?

सोसतं.

डोकं?

स्वच्छ.

ती ते वाचायची आणि फोन उलटा ठेवायची. बरं झालं, असं म्हणायची. स्वच्छ डोक्याने त्याने पुढचं एक अक्षरही लिहिलं नव्हतं.

आणि एक दिवस: गेली. चौघंही.

*

निळी

मावशी पुन्हा आल्या. पाइप साफ झाला, नवी जाळी पक्की बसली, गिझर खोलून पुसून जोडला. काडी पेटली. धूर उठला, आणि सरळ, शहाण्या मुलासारखा, वर ओढला जाऊन भिंतीतून नाहीसा झाला. मग मावशींनी गिझर लावला.

छोट्या काचेमागे निळ्या ज्योतींची रांग उभी राहिली. बुटकी, न डुलणारी. पहाटेच्या आधीचं आभाळ असतं तो रंग. ती आणि तो वाकून बघत राहिले. किती साधी होती ती! याच ज्योतीने आपण पाणी तापवतो, आणि हिचा रंग बदलला की...

"दाखला भाडेकरूला द्या," मावशी म्हणाल्या. "आणि पुढच्या वर्षी मला चुकवू नका." त्या धापा टाकत जिना उतरल्या.

तिने पर्समधून एक पांढरी डबी काढली. "हे मी आणलंय. तो वायू हवेत आला तर ओरडतं. मालकाने लावायचं असतं." स्टुलावर चढून तिने ती भिंतीवर बसवली आणि बटण दाबलं. डबीने अशी किंकाळी फोडली की दोघांनी कान झाकले. मग शांतता. एक हिरवा ठिपका.

"मला काहीतरी सांगायचंय," ती स्टुलावरूनच म्हणाली. वरून बोलणं सोपं होतं. "तपासणी राहून गेली नव्हती. मी राखून ठेवली होती. तुमच्याकडे यायला तेवढंच निमित्त उरलं होतं. माझ्यामुळे तुमचा जीव गेला असता."

तो डबीकडे बघत होता.

"हे नीट चालतं ना?"

"आत्ताच तर ओरडलं."

"परत दाबा."

तिने दाबलं. किंकाळी. शांतता.

"खिडक्या उघड्या आहेत," तो म्हणाला. "गिझर बंद आहे. सकाळी मी गार पाण्याने आंघोळ केलीय."

"मग?"

"मग हे बघा." त्याने हात पुढे केला. बोटं थरथरत होती. "डोकं हलकं झालंय. छातीत धडधडतंय. गुडघ्यांचं तर विचारूच नका. त्या दिवसापासून मला भीती वाटत होती की ते सगळं गॅसचंच असेल. खात्री झाल्याशिवाय तुम्हाला काही बोलणं बरं नव्हतं." तो थांबला. "पण हे तर गप्प आहे."

तिने वर पाहिलं. हिरवा ठिपका. गप्प.

तिची स्वतःची कानशिलं ठणकत होती. तिने खिडकीबाहेरची गार हवा खोल, छातीभर आत घेतली. ठणकणं थांबलं नाही.

"खाली ये," तो हळूच म्हणाला. "पडशील."

ती उतरली. त्याचा हात धरूनच.

"पुढच्या वर्षीची तपासणी?" त्याने विचारलं.

"वेळेवर. एक दिवस इकडचा तिकडे होणार नाही."

"आणि मग यायला निमित्त?"

"निमित्त कशाला हवं रे..." ती म्हणाली, आणि दोघंही मान वर करून त्या डबीकडे बघत राहिले. ती चालू होती, सगळं ऐकत होती, आणि गप्प होती.