वशिंडावरचा हूक

रिकामी गाडी बोंड्या मजेत ओढायचा. तिच्यात रोपं भरली, की मात्र चढाच्या पायथ्याशी पुढची दोन्ही चाकं उचलून तो घोड्यासारखा उभा राहायचा. तीन वाजल्यापासून असं तीनदा झालं होतं. दोन कुंड्या फुटल्या होत्या, आणि पाच वाजता टेकडीवर तान्हा पोळा, म्हणजे मुलांचा बैलपोळा, भरणार होता.

बोंड्या म्हणजे कपाशीतलं निंदण (तण काढण्याचं काम) करणारा तीस किलोंचा, चार चाकांचा यंत्रमानव. २०५८ साली बोरखेडीतली निम्मी मुलं तान्ह्या पोळ्याला लाकडी नंदीऐवजी असे यंत्रबैल सजवून नेत. नियम जुनाच होता: तोरणाखालून बैलाने स्वतः जायचं, त्याला हात लावायचा नाही. अकरा वर्षांच्या चारुताने शाळेत सगळ्यांना शब्द दिला होता, की तिचा बैल प्रत्येक मुलासाठी एक रोप घेऊन येईल. चाळीस मुलं, चाळीस रोपं. जूनपासून तिने ती वाढवली होती.

"काऊन गं, बैल सर्कशीतून आणला का?" कुंपणावर बसलेल्या मल्हारने, तिच्या चुलतभावाने, विचारलं.

"मी पुढेच जातोय," बोंड्या गंभीरपणे म्हणाला. "पण मागून कोणीतरी मला उताणं पाडतंय."

शेवटी चारुताने आबाजींना, आजोबांना, बोलावलं. चंद्रावरच्या गाड्या बनवण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. त्यांनी बोंड्याच्या पाठीमागची लोखंडी पट्टी पाहिली. गाडीचा हूक लावायला तिच्यात तीन भोकं होती. चारुताने हूक सर्वांत वरच्या भोकात, थर्माकोलच्या वशिंडाखाली (बैलाच्या पाठीवरच्या उंचवट्याखाली) बसवला होता. का, असं त्यांनी विचारलं. बैलाचं जू मानेवरच असतं ना, ती म्हणाली.

आबाजी हसले नाहीत. त्यांनी पाण्याची भरलेली बाटली पारावर उभी ठेवली, गळ्याशी दोरा बांधला आणि तिला ओढायला सांगितलं. बाटली आडवी झाली. मग दोरा बुडाशी बांधला. या वेळी बाटली उभीच सरकत आली.

"ताकद तेवढीच लावली," चारुता म्हणाली. "जागा फक्त बदलली."

तेच तर, आबाजी म्हणाले. जमिनीपासून हूक जितका उंच, तितकं बल-आघूर्ण (टेकूभोवती फिरवण्याची क्षमता) जास्त. बोंड्याची मागची चाकं हा टेकू. भरलेली गाडी हूक मागे खेचते आणि त्या टेकूभोवती बोंड्याला उलटा फिरवू पाहते. खरा बैल चढावर मान खाली घालतो, अंगाचा भार पुढे टाकतो. बोंड्याला वाकता येत नाही.

तिने लगेच सर्वांत खालचं भोक निवडलं, पण अंगणातली नाली ओलांडताना हूक काठाला अडकला. मग मधलं राहिलं. तिथे हूक जमिनीला अडकत नव्हता आणि गाडीची दांडीही सरळ आडवी राहत होती. पिन घालून ती निघाली. गाडी उलाळ होऊ देऊ नकोस, असं आबाजी मागून म्हणाले, पण घाईत तिने ते अर्धवटच ऐकलं.

चार पन्नासला बोंड्या चढाला लागला. पुढची चाकं जमिनीवरच होती. अर्ध्या वाटेवर मात्र मागची चाकं जागीच गरगरू लागली. वर तोरण दिसत होतं, ढोल वाजत होता. मल्हार थट्टा विसरून धावत आला आणि ढकलायला वाकला.

"हात नको लावू," चारुता म्हणाली. "चाकामागे दगड ठेव."

ती गाडीभोवती फिरली. दांडी हुकाला वर उचलत होती. शोभा दिसावी म्हणून आंब्याच्या मोठ्या कुंड्या तिनेच मागे रचल्या होत्या, आणि चढावर तो भार आणखी मागे गेला होता.

"उलाळ झालीय," ती म्हणाली.

"हा शब्द माझ्याकडे नाही," बोंड्या म्हणाला.

तिने सांगितलं: उलाळ म्हणजे मागे जड. गाडीचं नाक वर उठतं, तुझी मागची चाकं हलकी होतात, म्हणून ती घसरतात. भार आसाच्या (चाकांना जोडणाऱ्या दांड्याच्या) थोडा पुढे हवा, म्हणजे दांडी तुझी चाकं जमिनीवर दाबून धरील. फार पुढेही नको, नाहीतर तुझं नाक पुन्हा उठेल.

बैलाला हात लावायचा नव्हता. कुंड्यांबद्दल नियम गप्प होता. दोघांनी सहा मोठ्या कुंड्या पुढे आणल्या, हलकी तुळस मागे ठेवली. मल्हारने दगड काढले. बोंड्या एकदा घुरघुरला आणि निघाला.

पाचला दोन मिनिटं कमी असताना तो तोरणाखालून गेला. वशिंड थोडं तिरकं झालं होतं, एवढंच. फुटलेल्या कुंड्यांतली रोपं चारुताने नारळाच्या करवंट्यांत लावली होती. चाळीस मुलांना चाळीस रोपं मिळाली. करवंटीतलं एक मल्हारने मागून घेतलं.

आबाजीही मागून टेकडीवर आले होते. घरी जाताना तिने त्यांना विचारलं, चंद्रावर वजन सहावा हिस्साच उरतं, पण गाडीचा झटका तेवढाच बसतो. मग तिथे हूक आणखी खाली लावावा लागत असेल ना?

आबाजी थांबले. "हे समजायला आम्हाला पहिली गाडी उलटावी लागली होती," ते म्हणाले.

चारुताने पश्चिमेकडे पाहिलं. पोळ्यानंतरची चंद्रकोर मावळायला आली होती. बोंड्यानेही मान वर करून पाहायचा प्रयत्न केला. ते त्याला जमलं नाही, तेव्हा चंद्र कसा दिसतो ते सांग, असं तो म्हणाला.