सवयपुसणी

"घर विकायचं म्हणजे आधी घरातून माणसं काढायची," असं म्हणून केतकीने दिवाणखान्यातला स्नेहलच्या सासऱ्यांचा फोटो भिंतीवरून उतरवला आणि तिच्या हातात दिला. "राग मानू नका वहिनी. बघायला आलेल्या माणसाला इथे स्वतःचं घर दिसायला हवं. तुमचे सासरे असे वरून बघत असले की त्याला वाटतं, आपण पाहुणे आलोय."

स्नेहलने राग मानला नाही. राग मानायलाही अंगात त्राण लागतं, आणि ते माळ्यावरची भांडी, कपाटातल्या गाद्या आणि तीन पिढ्यांची लग्नातली ताटं उपसण्यात कधीच संपलं होतं. साताऱ्यात गोडोलीच्या चढावरचं हे भोईट्यांचं घर विकायचं ठरलं ते मस्कतहून, फोनवर. तिचा नवरा रणधीर तिथे बंदरावर नोकरीला होता. रोज संध्याकाळी फोन करून तो एवढंच विचारी, "मग, कुठवर आलं?" जणू घर स्वतःच्या पायांनी बाजाराकडे निघालं होतं आणि स्नेहल नुसती सोबतीला होती.

केतकी ओक वाईची. विकाऊ घरं नीटनेटकी करून देणं हा तिचा धंदा. वयाने लहान, पण जिभेने परीक्षक. नळ गळत असेल तर आधी तो बदला. ओलीवर नुसता रंग फासू नका, लोकांना नाकं असतात. किंमत सांगताना आठवणींचे पैसे लावू नका. गिऱ्हाईक यायच्या दिवशी सुकट भाजू नका. आणि सगळ्यात मोठी चूक म्हणजे मालकाने मध्ये मध्ये करणं.

"निम्मे सौदे मालकाच्या तोंडाने मोडतात," केतकी म्हणाली, "आणि उरलेले घराच्या."

हे ती गमतीने म्हणत नव्हती. अलीकडे बहुतेक घरांना भान आलं होतं. त्या यंत्रणेला लोक घरभानच म्हणत. दारांत, नळांत, शेगडीखाली तांदळाच्या दाण्याएवढे संवेदक बसवलेले असत. कोण कधी उठतं, कुणाला पाणी किती कढत लागतं, कुणी दूध गॅसवर ठेवून अंगणात गप्पा मारत बसतं, हे सगळं ते टिपत आणि त्यावरून घर हळूहळू शिकत जाई. शिकलं की बोलू लागे. त्यामुळे घर बघायला आलेली माणसं हल्ली नमस्कार मालकाला करत आणि प्रश्न घराला विचारत.

"कऱ्हाडला एकाने विचारलं, उन्हाळ्यात पाणी पुरतं का? घर म्हणालं, हे सांगायचं नाही असं मालकांनी सांगितलंय." केतकी हसली. "म्हणून आपण आधी सवयपुसणी करतो. घर कोरं. सौदा ठरेपर्यंत कंपनी एक प्रत राखून ठेवते, ठरला की कायद्याने तीही नष्ट. नव्या माणसांच्या घरात जुन्यांच्या खोडी नकोत."

तेवढ्यात आतून मंदाकिनीबाई आल्या. स्नेहलच्या सासूबाई, नगरपालिकेच्या शाळेच्या निवृत्त मुख्याध्यापिका. पाठ ताठ, कानात ऐकायचं यंत्र. केतकीकडे बघून त्यांनी मान किंचित कलती केली, क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, "काय गं केतकी, भावाचं लग्न पार पडलं का? हॉल मिळत नव्हता ना तुम्हाला?"

केतकी चाट पडली. ती इथे याआधी एकदाच आली होती आणि लग्नाचं तर जाता जाता बोलली होती. स्नेहलला नवल वाटलं नाही. भोईटेबाईंची स्मरणशक्ती गावात प्रसिद्ध होती. दारात आलेल्याला "कुठले तुम्ही?" विचारायचं आणि त्याच्या आजोळापर्यंत जाऊन पोचायचं, हा त्यांचा हातखंडा. विसरभोळी ठरली होती ती स्नेहल. "सूनबाई, गिझर चालूच आहे हो," असं सासूबाई आतून ओरडत, आणि तो खरोखरच चालू असे.

या स्मरणशक्तीवरच पुढचा सगळा बेत उभा होता. पाचगणीच्या रस्त्याला ज्येष्ठांचं एक निवास झालं होतं. तिथल्या स्वावलंबी विभागात स्वतंत्र खोली, समोर डोंगर, आणि आपलं आपण करणाऱ्यांनाच प्रवेश. शनिवारी तिथली माणसं बाईंशी गप्पा मारून निर्णय देणार होती. खोली मिळाली की स्नेहल मस्कतला मोकळी. लग्नाचा नवरा इतकी वर्षं फोनच्या काचेत बघून ती विटली होती. सासूबाई चांगल्या होत्या, त्यांच्याबद्दल तक्रार नव्हती. ती फक्त दमली होती.

बाई देवघरात गेल्यावर केतकीने मीटरशेजारचं झाकण उघडलं, स्नेहलचा अंगठा घेतला आणि घर पुसलं. एक हिरवा दिवा मालवला, बाकी काही झालं नाही.

दुपारी गिऱ्हाईक आलं. रेहाना बागवान आणि तिचा नवरा. ती दातांची डॉक्टर, तिला खाली दवाखाना काढायचा होता. बाईंनी मागच्या खोलीत थांबावं असं केतकीने बजावलं होतं. पण पाहुणा दारात आणि मंदाकिनीबाई मागच्या खोलीत, हे त्या घरात कधी घडलं नव्हतं. रेहाना खिडक्या बघत होती, एवढ्यात बाई चहाचा ट्रे घेऊन हजर.

"कुठल्या तुम्ही?"

"इथलीच, बाई. सदर बझारातली. माझे अब्बा तुमच्या शाळेत होते. रफिक बागवान. तुम्ही त्यांना घरी ठेवून घेऊन गणित शिकवलंत. अजून सांगतात ते."

बाईंनी मान कलती केली आणि थांबल्या. थांबल्याच. मग म्हणाल्या, "हो का? छान छान. चहा घ्या."

पाहुणे गच्ची बघून खाली उतरले, तर बाई पुन्हा ट्रे घेऊन उभ्या. "या, बसा. कुठल्या तुम्ही?" रेहानाने नवऱ्याकडे बघितलं आणि त्याच आवाजात, तितक्याच आदराने पहिल्यापासून सांगितलं. दुसरा कपही घेतला. केतकी स्नेहलला डोळ्यांनी खुणावत होती, आवरा यांना. निघताना दारातच तिसरा ट्रे आडवा आला.

"अशा कशा जाता चहा न घेता? कुठल्या तुम्ही?"

"सदर बझारातली, बाई," रेहाना म्हणाली आणि तिथेच उंबऱ्यापाशी उभ्याने तिने तिसरा कप संपवला. कप परत देताना तिने फक्त एकदा स्नेहलकडे बघितलं. त्या नजरेत कीव नव्हती, ओळख होती.

सगळे गेल्यावर स्नेहल तणतणत स्वयंपाकघरात आली. ओट्यावर चहाची तीन पातेली होती. बाई स्टुलावर बसल्या होत्या आणि कानातलं यंत्र काढून तळहातावर आपटत होत्या.

"आई, काय झालं काय आज तुम्हाला?"

"हे बिघडलंय. सकाळपासून एक शब्द बोलत नाही."

"ते ऐकायचं यंत्र आहे आई. ते कशाला बोलेल?"

बाईंनी वर बघितलं. जन्मभर दुसऱ्यांच्या चोऱ्या पकडणाऱ्या त्या डोळ्यांत चोरी होती.

"घर बोलायचं त्यातून," त्या म्हणाल्या.

मग सगळं हळूहळू बाहेर आलं. दारावरची बेल नीट ऐकू यावी म्हणून रणधीरने ते यंत्र घरभानाला जोडून दिलं होतं. पुढे एकदा बाई मिठाचा चमचा हातात घेऊन आमटीपुढे उभ्या राहिल्या, घातलंय की नाही आठवेना, आणि कानात आवाज आला, मीठ घातलंय. त्या आधी घाबरल्या, मग त्यांना हायसं वाटलं. त्यानंतर घर सांगतच गेलं. दारात कोण आहे, त्याच्या मुलीचं नाव काय, मागच्या खेपेला तो काय बोलला होता, गोळी घेतली, आज गुरुवार. बाहेर ऐकू येत नव्हतं कुणालाच. लोकांना दिसायची ती एवढीशी कलती मान.

स्नेहलला आधी राग आला, खरं ते सांगायला हवं. गिझरच्या प्रत्येक टोमण्याचा राग आला. बाई नव्हे, घर टोमणे मारत होतं आपल्याला! मग मनात शनिवार आला, मस्कतचं तिकीट आलं, आणि रागाची जागा भीतीने घेतली. आणि समोर बसलेल्या म्हातारीऐवजी आपण तिकिटाचा विचार करतोय हे ध्यानात आल्यावर तिला स्वतःचीच लाज वाटली. तिने स्टूल ओढलं आणि ती बाईंच्या समोर बसली.

"मला का नाही सांगितलंत?"

"तेही तेच म्हणायचं."

"कोण?"

"अगं, घर. रोज सकाळी, चहाच्या आधी. 'आता स्नेहलला सांगा.' मी म्हणायची, गप बस. हेडबाई होते मी, साऱ्या शाळेची हजेरी तोंडपाठ असायची. मी सांगू होय सुनेला, की मला आजचा वार आठवत नाही म्हणून?" बाईंनी ते यंत्र पदराला पुसलं. "ते रागवायचं नाही. दुसऱ्या दिवशी परत तेच सांगायचं."

फोन वाजला. केतकी होती, आणि आवाजात उड्या होत्या. "वहिनी, बागवान घर घेतायत! किंमतही पाडून मागितली नाही. मी म्हटलं, बाईंनी सगळं घालवलं आज. तर डॉक्टर म्हणाल्या, घर चांगलं आहे हे मला तिसऱ्या चहाला कळलं. होकार नोंदवू ना?"

"थांब," स्नेहल म्हणाली. "ती राखून ठेवलेली प्रत. ती नुसती आईंच्या कानातल्या यंत्रात घालता येईल? घराशिवाय?"

केतकीला तीन ट्रे आठवले असावेत.

"येते," ती म्हणाली. आता तिचा आवाज उतरला होता. "बरेच जण करून घेतात वहिनी. भिंतीतले संवेदक नसले की मीठ घातलं का ते नाही कळणार. पण माणसं, नावं, औषधं, कोण कुठे असतं, ते सगळं सांगेल. आणि निवासाच्या भेटीत कुणी कानातलं काढून बघत नाही. मात्र आत्ता सांगा. होकार नोंदवला की ती प्रत गेली म्हणून समजा."

स्नेहलने फोन पदरात दाबून धरला. म्हणजे सगळं जिथल्या तिथे बसत होतं. शनिवारी बाई मान कलती करतील, समोरच्याच्या आजोळापर्यंत पोचतील, खोली मिळेल. नाहीतर निवासातला तो दुसरा, देखरेखीचा विभाग, जिथे दारांना आतून कड्या नाहीत. नाहीतर ती स्वतः, इथेच कुठेतरी दोन खोल्या घेऊन, आणखी किती वर्षं कोण जाणे. आधार देणाऱ्या काठीला कुणी लबाडी म्हणत नाही. मग या आवाजाला का म्हणायचं? आणि स्वावलंबी कोण ठरणार, बाई की तो आवाज? तिला विचार करवेना. तिला कुणीतरी 'जरा आडवी हो' म्हणावं असं वाटत होतं.

"आई, तो आवाज परत आणता येतोय. आणू का? तुमच्या मनाविरुद्ध नाही आणणार."

बाई बराच वेळ ते यंत्र बोटांत फिरवत राहिल्या. नकार द्यायचा त्यांचा स्वभाव होता आणि होकाराची गरज होती, दोन्ही चेहऱ्यावर दिसत होतं.

"आण," त्या म्हणाल्या. मग शाळेत एखादं गणित फळ्यावर चुकलंय असं वाटलं की थांबत, तशा थांबल्या. "पण एक सांग. ते रोज म्हणायचं, स्नेहलला सांगा. आता तुला तर कळलंय. मग आता रोज सकाळी ते मला काय सांगेल?"

स्नेहलने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि तिला ते उत्तर दिसलं. कोण कुठे असतं, ते सांगेल. पाचगणीच्या खोलीत बाई उठतील, चहाच्या आधी हाक मारतील, आणि कानात तो न रागावणारा आवाज म्हणेल, स्नेहल इथे नाही, ती मस्कतला गेली. दुसऱ्या दिवशी परत. तिसऱ्या दिवशी परत. आणि दर सकाळी बाई ते पहिल्यांदाच ऐकतील.

पदराआड केतकीचा आवाज बारीक येत होता. "वहिनी, ऐकताय ना? काय करू?"