काळखेरला विमा मिळत नाही

लातूरच्या आमच्या विमा शाखेत मोटारसायकलच्या अर्जावर काळखेर हे गाव टाकलं, की संगणक अर्ज नाकारतो. कारण दाखवत नाही. कारण मला ठाऊक होतं. अहमदपूर तालुक्यातल्या त्या गावच्या सोळा अपघातांची पाहणी मीच केली होती. सरळ डांबरी रस्ता, भरदिवसा, गाडी नवी, चालवणारा शुद्धीत. आणि सगळ्यांचं एकच म्हणणं, "एकलाच होतो साहेब, पण गाडी मागून जड झाली." मी ते अहवालात लिहिलं. वरच्यांनी ते वाक्य खोडलं आणि गाव बंद केलं.

या मार्चमध्ये सोमेश शाखाप्रमुख झाला. वय एकोणतीस. त्याला काम मी शिकवलं होतं. ती खुर्ची मलाच मिळणार, असं मी घरी सांगून बसलो होतो. पोरगा वाईट असता तर सोपं गेलं असतं. तो अजून मला काका म्हणायचा, मी आत गेलो की उठून उभा राहायचा. त्यानं नवी काळी मोटारसायकल घेतली, पेढे वाटले. पेढा माझ्या तोंडात फिरत राहिला, गिळवेना.

मग काळखेरचे अण्णाराव आले.

"आमच्या गावानं काय घोडं मारलंय? एकाबी गाडीला विमा न्हाई."

"उद्या मी स्वतः येऊन बघतो," सोमेश म्हणाला.

जाताना अण्णारावांनी मला जिन्यात गाठलं. "नव्या गाडीवर येऊ नका म्हणावं त्यांना. एसटीनं या. तेवढं सांगा."

"सांगतो," मी म्हणालो.

संध्याकाळी सोमेशनं विचारलं, "काका, रस्ता कसाय तिकडचा?"

"मस्त. गाडी पळव."

दुसऱ्या दिवशी मी जागेवरून हललो नाही. साडेअकराला वीज गेली, पंखा थांबला. तरी तोंडावर बराच वेळ वारा लागत होता. डोळे मिटले. कितीतरी दिवसांनी छातीवरचं ओझं उतरल्यासारखं झालं.

बाराला फोन आला.

नांदेडच्या दवाखान्यात सोमेशच्या मांडीत सळई घातली होती. उशाशी त्याची बायको पुनम बसली होती. मला बघून तो उठायला धडपडला.

"पडून राहा," मी म्हणालो.

"काका, तुम्ही बरे आहात ना?"

"मला काय झालंय?"

तो गोंधळला. पुनमकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"पडल्यावर लई हाका मारल्या तुम्हाला. कुठं फेकले गेलात, दिसेना. इतकं घट्ट धरलं होतं तुम्ही. लागलं न्हाई ना कुठं?"

"नाही," मी म्हणालो, आणि शर्टाची बाही कोपराखाली ओढून घेतली. आतून ती ओली झाली होती.